राष्ट्रगीताची जन्मकथा : प्रवाद आणि पुरावा

(रायपूर येथील समता कॉलोनीत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



२५ ऑगस्ट १९४८ या दिवशी पंडित जवाहरलाल नेहरूंनी दिल्लीत संविधान सभेपुढे राष्ट्रगीताच्या प्रश्नावर एक निवेदन केले. स्वातंत्र्य मिळून एक वर्ष लोटले होते. परंतु देशाला अधिकृत राष्ट्रगीत नव्हते. ब्रिटिश राजाचे स्तवनगीत वाजविणे आता शक्य नव्हते, आणि सैन्याच्या बँडपथकांना व परदेशांतील वकिलातींना तर समारंभासाठी एखादी धून तातडीने हवी होती. नेहरूंनी सभेला सांगितले की, त्यांनी सर्व प्रांतांच्या राज्यपालांना पत्रे लिहिली होती आणि आपापल्या मुख्य प्रधानांशी विचारविनिमय करून मत कळवावे अशी विनंती केली होती. एक अपवाद सोडता सर्व राज्यपालांनी ‘जन गण मन’ला संमती कळविली. तो एक अपवाद होता मध्य प्रांताच्या राज्यपालांचा.

ज्या नगरात आज आपण जमलो आहोत ते रायपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. प्रांताची राजधानी नागपूर होती, राज्यपाल मंगलदास पक्वासा होते आणि मंत्रिमंडळाचे प्रमुख होते याच रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर एकीकडे गेले, रायपूर दुसरीकडे गेले, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. भोसल्यांच्या अमदानीपासून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ही सारी स्थित्यंतरे पाहिली. राष्ट्रगीताच्या इतिहासात मतभेदाचा जो एक स्पष्ट सूर नोंदला गेला तो आपल्याच प्रांतातून उमटला होता, ही गोष्ट मात्र येथे फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

या नोंदीचे महत्त्व मतभेदात नाही. मतभेद कोठेही असू शकतो. महत्त्व यात आहे की, देशाच्या पंतप्रधानांनी तो मतभेद प्रांताच्या नावासह भर सभेत सांगितला. पश्चिम बंगालच्या नव्या मुख्य प्रधानांनी आपल्या शासनाची पसंती ‘वन्दे मातरम्’ला असल्याचे कळविले, हेही त्यांनी लपविले नाही. इतकेच नव्हे, तर ‘जन गण मन’ची शब्दरचना सर्वस्वी समर्पक नाही, तीत काही बदल करावे लागतील, असेही ते म्हणाले. त्यामुळे राष्ट्राचा अपमान झाला असे कोणास वाटले नाही. आज राष्ट्रगीताच्या जन्माविषयी कोणी साधा प्रश्न विचारला, तरी सभेत कुजबुज सुरू होते आणि अधिकारी मंडळी अस्वस्थ होतात. १९४८ सालचा तो मोकळेपणा आणि आजचा हा संकोच यांमधील अंतर हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रवाद काय आहे, हे प्रथम पाहू. ‘जन गण मन’ हे गीत रवींद्रनाथ ठाकुरांनी सम्राट पाचवे जॉर्ज यांच्या स्वागतासाठी लिहिले, ते त्यांच्यापुढे गाइले गेले, आणि गीतातील भाग्यविधाता म्हणजे तो इंग्रज राजाच होय, असे सांगितले जाते. हा प्रवाद शंभर वर्षांहून अधिक काळ जिवंत आहे. तो केवळ अडाण्यांचा आहे असे म्हणून त्याची बोळवण करणे योग्य नव्हे. कारण प्रवादाला टेकायला जागा मिळाल्यावाचून तो इतका काळ टिकत नाही. ती जागा कोणती, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत राज्यारोहणाचा दरबार भरला. त्या दरबारात सम्राटांनी दोन घोषणा केल्या. एक, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची. आणि दुसरी, १९०५ साली झालेली बंगालची फाळणी रद्द करण्याची. दुसऱ्या घोषणेने बंगालला मोठा दिलासा मिळाला. त्याच महिन्याच्या २६ तारखेपासून कलकत्त्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते बिशन नारायण दर. त्या काळच्या काँग्रेसवर नेमस्तांचा प्रभाव होता. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अशा परिस्थितीत सम्राटांचे आभार मानणारा ठराव मांडला जावा, यात नवल नव्हते. अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ डिसेंबरला, कामकाजाच्या प्रारंभी रवींद्रनाथांचे हे गीत गाइले गेले. त्यानंतर राजनिष्ठेचा ठराव झाला आणि त्या ठरावानंतर सम्राट व सम्राज्ञी यांच्या स्वागताचे एक हिंदी गीत गाइले गेले. ते रामभुज दत्त चौधरी यांचे होते.

एकच दिवस, एकच व्यासपीठ, आणि पाठोपाठ दोन गीते. कलकत्त्याच्या इंग्रजी मालकीच्या वृत्तपत्रांच्या बातमीदारांना बंगाली येत नव्हते. ‘स्टेट्समन’ आणि ‘इंग्लिशमन’ यांसारख्या पत्रांनी दुसऱ्या दिवशी छापले की, सम्राटांच्या स्वागतार्थ रवींद्रनाथांनी रचलेल्या गीताने अधिवेशनास आरंभ झाला. दोन गीते त्यांच्या बातमीत एक झाली. प्रवादाचा उगम हा असा एका घाईच्या वृत्तांतात आहे.

आता पुरावा पाहू. तो चार प्रकारचा आहे.

पहिला पुरावा स्थळकाळाचा. दरबार आटोपल्यावर सम्राट नेपाळच्या तराईत शिकारीस गेले आणि कलकत्त्यात आले ते ३० डिसेंबरला. गीत गाइले गेले २७ डिसेंबरला. ज्या मंडपात ते गाइले गेले तेथे सम्राट नव्हतेच. त्या नगरातही ते नव्हते. तेव्हा ‘राजासमोर गाइलेले गीत’ हे कथन दिनदर्शिकेपुढेच टिकत नाही.

दुसरा पुरावा समकालीन नोंदींचा. काँग्रेसच्या अधिवेशनाचा अधिकृत अहवाल उपलब्ध आहे. त्यात रवींद्रनाथांच्या गीताचा उल्लेख देशभक्तिपर गीत म्हणून येतो, आणि सम्राटांच्या स्वागताचे गीत ठरावानंतर गाइले गेल्याची नोंद वेगळी येते. बंगाली जाणणाऱ्यांच्या ‘अमृत बझार पत्रिका’ आणि ‘बेंगाली’ या पत्रांनीही दोन गीतांमधील हा भेद स्पष्टपणे नोंदविला होता. ज्यांना भाषा कळत होती त्यांचा वृत्तांत बरोबर निघाला आणि ज्यांना ती कळत नव्हती त्यांचा चुकला. दुर्दैव असे की, चुकलेला वृत्तांत राज्यकर्त्यांच्या भाषेत होता आणि म्हणून तो दूरवर पोहोचला.

तिसरा पुरावा गीताच्या अंतरंगाचा. राष्ट्रगीत म्हणून आपण म्हणतो ते केवळ पहिले कडवे आहे. मूळ गीत पाच कडव्यांचे आहे. पुढील कडव्यांत कवी ज्याला आवाहन करतो तो युगानुयुगे मानवाच्या प्रवासाचा रथ हाकणारा सारथी आहे, आणि एका कडव्यात तर त्यालाच स्नेहमयी माता म्हटले आहे. एका इंग्रज राजाला युगायुगांचा सारथी कोण म्हणेल? आणि माता तरी कोण म्हणेल? गीत प्रथम छापून आले तेही कोणत्या राजकीय पत्रात नव्हे. आदि ब्राह्म समाजाच्या ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त, जानेवारी १९१२ मध्ये, ‘भारत-भाग्य-विधाता’ या शीर्षकाने ते ब्रह्मसंगीत म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यात समाजाच्या माघोत्सवात गाइले गेले.

मराठी श्रोत्यांना तर हा मुद्दा विशेष समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या संतांनी विठ्ठलाला ‘पंढरीचा राणा’ म्हटले आहे. त्यावरून पंढरपुरी कोणी राणा राज्य करीत होता आणि वारकरी त्याचे भाट होते, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. भक्तीची भाषा सत्तेच्या भाषेतील शब्द उचलते आणि त्यांना दुसऱ्या सिंहासनापुढे नेऊन ठेवते. ठाकुरांच्या घरास ही परंपरा परकी नव्हती. रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे भारतीयांतील पहिले सनदी अधिकारी. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांनी तुकारामांच्या अभंगांची बंगाली भाषांतरे केली. स्वतः रवींद्रनाथ विलायतेस जाण्यापूर्वी, १८७८ साली, मुंबईत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले होते. विधात्याला राजाधिराज म्हणण्याची रीत या घराण्याच्या नित्य उपासनेतील होती.

चौथा पुरावा कवीच्या साक्षीचा. १० नोव्हेंबर १९३७ रोजी पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात रवींद्रनाथांनी या गीताची हकीकत सांगितली आहे. राजदरबारी वजन असलेल्या एका परिचिताने सम्राटांच्या गौरवार्थ गीत रचण्याची विनंती त्यांना केली होती. त्या विनंतीने ते चकित झाले आणि संतापलेही. त्या क्षोभातून त्यांनी जे गीत लिहिले त्यात भारताच्या त्या भाग्यविधात्याचा जयघोष केला, जो पाचवा, सहावा किंवा कोणताही जॉर्ज असूच शकत नाही. आणि ही गोष्ट त्या परिचितालाही उमगली, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे १९३९ साली दुसऱ्या एका पत्रात त्यांनी म्हटले की, अशा मूढतेचा संशय जे घेतात त्यांना उत्तर देणे हाच स्वतःचा अपमान करून घेणे होय.

या साक्षीत एक बारकावा आहे आणि तो दडविता कामा नये. गीताचे निमित्त राजाच्या आगमनाचे होते, हे कवीने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे प्रवाद सर्वस्वी हवेतून निर्माण झालेला नाही. मागणी राजस्तुतीची होती. दिले गेले ते त्या मागणीला दिलेले उत्तर. गीताचे समर्थन करणारे पुष्कळ लोक या निमित्ताचा उल्लेख टाळतात; त्यांना वाटते की तेवढे मान्य केले तर सारेच हातचे जाईल. वस्तुतः घडते ते उलट. निमित्त मान्य केले म्हणजेच नकाराचे मोल कळते. राजाच्या गौरवासाठी लेखणी उचला असे सांगितले गेले असता, राजाहून थोर अशा विधात्याला आवाहन करणे, ही त्या काळच्या मर्यादेत एका कवीने केलेली निर्भय कृती होती.

त्याच काळातील आणखी एक घटना या संदर्भात पाहण्याजोगी आहे. पूर्व बंगाल व आसाम प्रांताच्या शासनाने एक गुप्त परिपत्रक काढून, शांतिनिकेतनातील विद्यालय सरकारी नोकरांच्या मुलांच्या शिक्षणास अयोग्य ठरविले होते. लोक ज्याला राजाचा भाट म्हणू लागले त्याच्या शाळेत मुले धाडू नयेत, असे राजाचे शासन आपल्या नोकरांना सांगत होते. रवींद्रनाथांना १९१५ साली ‘सर’ हा किताब मिळाला हे खरे. तो त्यांनी १९१९ साली जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर परत केला, हेही तितकेच खरे.

पुरावा इतका स्वच्छ असताना प्रवाद का टिकला, हा खरा प्रश्न आहे. याचे एक कारण असे की, प्रवादाची गरज भासणारे प्रसंग वारंवार आले. १९३७ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षी ऑक्टोबरात काँग्रेसच्या कार्यकारिणीने ‘वन्दे मातरम्’ची पहिली दोन कडवीच सभांतून गावी असा निर्णय दिला. त्या निर्णयापूर्वी रवींद्रनाथांचे मत घेण्यात आले होते. ज्यांना तो निर्णय रुचला नाही त्यांच्या रोषाचे ते धनी झाले आणि जुना प्रवाद पुन्हा वर आला. सेन यांना लिहिलेले पत्र त्याच्या पुढच्याच महिन्यातील आहे, हे लक्षात घ्यावे. म्हणजे वाद दिसायला १९११ सालच्या एका गीताविषयी होता. परंतु त्याच्या पोटात दोन गीतांची तुलना होती. आजही जेव्हा जेव्हा हा प्रवाद उठतो तेव्हा बहुधा अशीच एखादी तुलना त्याच्यामागे असते.

‘वन्दे मातरम्’विषयी मराठी माणसाला जे प्रेम आहे त्याची येथे नोंद केली पाहिजे. १९२३ सालच्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास धार्मिक कारणावरून हरकत घेतली असता, पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते गीत पूर्ण गाइले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांची कथा त्याहून विलक्षण आहे. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर ‘वन्दे मातरम्’ गाण्यास मज्जाव झाला म्हणून त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला होता. स्वातंत्र्यानंतर हे गीत राष्ट्रगीत व्हावे यासाठी ते झटले. त्यावर मुख्य आक्षेप असा होता की, त्याची चाल वाद्यवृंदावर, विशेषतः परदेशी वाद्यवृंदावर, नीट वाजविता येणार नाही. मास्टर कृष्णरावांनी झिंझोटी रागात सुटसुटीत चाल बांधली, ती बँडवर वाजविण्याजोगी करून घेतली आणि दिल्लीस जाऊन नेहरूंपुढे व संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिचे प्रात्यक्षिक दिले. निर्णय त्यांच्या बाजूने झाला नाही. परंतु एक कलावंत आपला पक्ष घेऊन देशाच्या सर्वोच्च सभेपर्यंत जाऊ शकला, सूर आणि ताल यांच्या कसोटीवर युक्तिवाद करू शकला, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते.

याच वेळी ‘जन गण मन’च्या बाजूनेही अनुभव साठत गेला होता. १९१९ साली आंध्रातील मदनपल्ली येथील महाविद्यालयात रवींद्रनाथ मुक्कामास असताना त्यांनी गीताचा इंग्रजी अनुवाद केला आणि मार्गारेट कझिन्स यांनी तेथे त्याच्या चालीची स्वरलेखी तयार केली. ११ सप्टेंबर १९४२ रोजी हॅम्बुर्ग येथे सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत ते वाद्यवृंदावर वाजविले गेले. पुढे आझाद हिंद सरकारने त्याच चालीवर हिंदुस्तानी शब्दांचे गीत स्वीकारले. त्याच्या बँडरचनेचे काम कॅप्टन रामसिंह ठाकुरी यांनी केले. या कामामुळे राष्ट्रगीताची मूळ चालच त्यांची होती असाही एक दावा पुढे करण्यात येतो. त्यांचे कर्तृत्व मोठे आहे. परंतु त्यांचा जन्म १९१४ सालचा, आणि गीत तर १९११ साली जाहीर सभेत गाइले गेले होते. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय प्रतिनिधिमंडळाकडे राष्ट्रगीताची विचारणा झाली तेव्हा मंडळाने ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका दिली. तेथील वाद्यवृंदाने ते वाजविले आणि परदेशी प्रतिनिधींनी वाखाणले. नेहरूंच्या निवेदनात या प्रसंगाला मोठे स्थान आहे.

अखेर २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत डॉ. राजेंद्र प्रसादांनी एक निवेदन केले. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असेल, प्रसंगानुसार शासन त्याच्या शब्दांत बदल करू शकेल, आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कार्य केलेल्या ‘वन्दे मातरम्’ला समान सन्मान राहील, असे त्यांनी जाहीर केले. त्यावर मतदान झाले नाही. सदस्यांनी टाळ्यांच्या गजरात त्याचे स्वागत केले. शब्द बदलण्याची वाट मोकळी ठेवलेली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गीताचे कर्ते आणि गीताचे स्वीकारकर्ते या दोघांपैकी कोणीही त्याला अस्पर्श मानले नव्हते.

पुढे मात्र वातावरण बदलत गेले. गीताभोवती नियमांचे कुंपण उभे राहिले. ते ५२ सेकंदांत म्हणावे, संक्षिप्त रूप सुमारे २० सेकंदांचे असावे, श्रोत्यांनी सावधान उभे राहावे, हे नियम आवश्यकच होते. १९७१ साली राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा झाला. राष्ट्रगीत म्हणण्यास हेतुपुरस्सर अडथळा आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात केली गेली. १९७६ साली नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत राष्ट्रगीताचा आदर समाविष्ट झाला. यांपैकी कशालाही हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु आदराचे नियम करणाऱ्या हातांना हळूहळू अशी सवय जडते की, गीताविषयीचा प्रत्येक प्रश्न हा अनादरच वाटू लागतो.

केरळमधील तीन भावंडांची घटना याचे ठळक उदाहरण आहे. १९८५ साली ही मुले शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे ती गात नसत. त्यांनी कोणाला अडथळा केला नव्हता. तरी त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द ठरविली. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालपत्रात भारताच्या सहिष्णुतेच्या परंपरेचे स्मरण करून दिले. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने चित्रपटगृहांत प्रत्येक खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजविणे अनिवार्य केले आणि जानेवारी २०१८ मध्ये तो आदेश ऐच्छिक केला. सक्तीची मर्यादा कोठे आखावी याविषयी सर्वोच्च न्यायपीठालाही फेरविचार करावा लागला.

शब्दांच्या बाबतीतही हेच घडले. फाळणीनंतर सिंध भारतात नाही. म्हणून तो शब्द गाळावा, अशी मागणी न्यायालयापुढे आली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. सिंध म्हणजे केवळ नकाशावरील प्रदेश नव्हे, तर ती एक संस्कृती आहे आणि सिंधी माणसे या देशात आहेत, असा त्या निर्णयाचा रोख होता. आपण येथे आणखी एक गोष्ट पाहू शकतो. गीताच्या त्या नामावळीत मराठा आहे; छत्तीसगड नाही, मध्य प्रांतही नाही. परंतु आपण गाळले गेलो अशी खंत येथील शेतकऱ्याने किंवा शिक्षकाने धरलेली नाही. छत्तीसगडने २०१९ साली डॉ. नरेंद्र देव वर्मा यांचे, येथील नद्यांची नावे गुंफलेले गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले, आणि महाराष्ट्राने २०२३ साली नागपूरच्या राजा बढे यांचे गीत राज्यगीत केले. या दोन्ही गीतांनी राष्ट्रगीताचे काही उणे केले नाही. गीत ही जमिनीची मोजणी नसते, हे सामान्य माणूस जाणतो.

उगमाचा वाद ही केवळ आपल्याच देशाची गोष्ट नव्हे. ज्या राजाच्या स्तुतीचा आळ आपल्या गीतावर घेतला जातो, त्या राजाच्या देशाचे राष्ट्रगीतही कोणी रचले याचा निश्चित निर्णय झालेला नाही. १७४५ साली ते लंडनच्या नाट्यगृहांत गाजले. त्याचे जनकत्व मात्र निरनिराळ्या संगीतकारांकडे दिले जाते. फ्रान्सचे राष्ट्रगीत १७९२ साली स्ट्रासबुर्ग येथे रूजे द लील या सैन्याधिकाऱ्याने रचले. राज्यक्रांतीचे गीत रचणारा हा माणूस स्वतः राजेशाहीचा पक्षपाती होता. मलेशियाच्या राष्ट्रगीताची धून त्यापूर्वी पेराक संस्थानाच्या गीताची होती आणि एका लोकप्रिय प्रेमगीतासाठीही ती वापरली जात असे. १९५७ साली ती राष्ट्राची धून झाल्यावर हलक्याफुलक्या गाण्यासाठी तिचा वापर करण्यास बंदी आली. फ्रेंच शाळकरी मुलाला रूजे द लीलची राजनिष्ठा सांगितली म्हणून त्याचे देशप्रेम घटत नाही. गीत कोणत्या घरी जन्मले यापेक्षा ते कोणत्या माणसांनी, कोणत्या प्रसंगी आपले म्हटले, यावर त्याचे राष्ट्रीयत्व ठरते.

आता शासनाच्या संकोचाविषयी मला जे म्हणावयाचे आहे ते स्पष्टपणे म्हणतो. आपल्या शाळांतून मुलांना कसे उभे राहावे हे शिकविले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु हे गीत कोठे, केव्हा व का जन्मले याविषयी त्यांच्याशी क्वचितच बोलले जाते. शिक्षकाला वाटते, विषय नाजूक आहे. वरिष्ठांना वाटते, उगाच वाद नको. या मौनातून आदर वाढत नाही. रिकामी जागा मात्र निर्माण होते. त्या जागेत प्रथम निंदेचा प्रवाद शिरतो आणि त्याला उत्तर म्हणून स्तुतीचा प्रवाद. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने ‘जन गण मन’ हे जगातील सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरविले, ही वार्ता आपल्यापैकी अनेकांनी भ्रमणध्वनीवर वाचली असेल आणि पुढे धाडलीही असेल. ती सर्वस्वी निराधार आहे. ज्या मनाने राजस्तुतीची गोष्ट न तपासता मानली, त्याच मनाने ही गोष्टही न तपासता मानली. दोहोंचे मूळ एकच : कागद पाहण्याची सवय नाही.

मध्य प्रांताची ती असंमती आणि मास्टर कृष्णरावांचे ते प्रात्यक्षिक यांचे स्मरण मी आज करून दिले, ते कोणाची बाजू घेण्यासाठी नव्हे. ‘वन्दे मातरम्’वर प्रेम करणाऱ्या माणसाला ‘जन गण मन’वर खोटा आळ घेण्याची गरज नाही, आणि ‘जन गण मन’चा अभिमान बाळगणाऱ्याला त्याचा इतिहास झाकण्याचीही गरज नाही. मतभेद सांगून झाला, ऐकून झाला, निर्णय झाला आणि मग सर्व जण एकत्र उभे राहिले, हा आपल्या राष्ट्रगीताच्या स्वीकाराचा खरा क्रम आहे. त्यातील पहिल्या दोन पायऱ्या पुसून टाकल्या तर उरलेला आदर हा केवळ कवायतीचा आदर होईल.

येथे उपस्थित असलेल्या ग्रंथपालांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. १९११ सालच्या काँग्रेस अधिवेशनाचा अहवाल, १९३७ सालचे रवींद्रनाथांचे पत्र, १९४८ सालचे नेहरूंचे निवेदन आणि १९५० सालचे राजेंद्र प्रसादांचे निवेदन, हे चार कागद एका पुठ्ठ्याच्या धारिकेत घालून वाचनालयाच्या मेजावर ठेवावेत. त्यांसोबत त्या गीताची पाचही कडवी मराठी अर्थासह असावीत. हे सारे वाचून व्हायला फार तर एक तास लागेल. एखाद्या विद्यार्थ्याने राजस्तुतीविषयी विचारले तर त्याला दटावू नये आणि त्याच्या देशभक्तीची परीक्षाही घेऊ नये; त्याच्यासमोर ती धारिका ठेवावी आणि त्याचे वाचून होईपर्यंत थांबावे.